सुभेदाराजवळ बसणारी बाई

१५ जुलै, सोमवार

आले एकदाची जबलपूरला! आईने शिदोरी अशी बांधून दिली होती, जणू मी काळ्या पाण्यावर निघाले आहे. सकाळी नागपूरहून बस, सिवनीच्या पुढे जंगल, आणि दुपारी तीनला मी राइट टाउनातल्या या घराच्या फाटकाशी, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन उभी. रेल्वेच्या इस्पितळात फार्मासिस्ट म्हणून इकडे बदली झाली तेव्हा सगळे हळहळले होते. मी मात्र मनातून खूश होते. घटस्फोटानंतरचं दीड वर्ष आईकडे काढलं. सदतिसाव्या वर्षी आईच्या घरात राहायचं म्हणजे दुधात पाणी किती घातलं याचा रोज जबाब द्यायचा. आता माझं घर, माझा गॅस, माझं कुलूप.

दिवाळीच्या सुट्टीत अवंतिका येईल आणि मग माझ्याजवळच राहील. शाळा बघून ठेवली आहे. नऊ वर्षांची आहे, पण निघताना रडली नाही, उलट मलाच दटावलं की साडेतीन महिने म्हणजे साडेतीनच. मी तिला शब्द दिला आहे.

घरमालक भय्यासाहेब पागनीस. फॅक्टरीतून निवृत्त झालेले, बोलके. पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून इकडे आले, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, म्हणजे मीही त्यांच्या गावचीच. त्यांच्या बायको पूर्णिमावहिनी मराठीत सुरू होतात आणि हिंदीत संपतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची. मोठ्या खोलीत सागवानी पलंग आहे, तो भय्यासाहेबांच्या आईंचा. त्या गेल्या वर्षी गेल्या. मला पलंग चालतो. गेलेली माणसं काही ढेकूण नव्हेत.

अट एकच होती. आईंचा पोपट वरच राहणार आणि त्याचं दाणापाणी मी बघायचं.

पोपट आफ्रिकन आहे. राखाडी अंग, कुंकवासारखं लाल शेपूट, नाव सुभेदार. राखाडी अंग हे ऐकीव, कारण त्याच्या अंगावर फार काही उरलेलं नाही. डोकं आणि मान झकास, पण खाली छाती, पोट, मांड्या सोललेल्या कोंबडीसारख्या. स्वतःची पिसं स्वतःच उपटतो. चेहऱ्याने जहागीरदार आणि अंगाने तंदुरी! मला हसू आलं, आणि त्याने एक डोळा माझ्यावर रोखून असं पाहिलं की लाजच वाटली.

१९ जुलै, शुक्रवार

सुभेदार बोलतो. काल दुपारी मी भांडी लावत होते, तर मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, थकलेला, जरा नाकातला. "कोणी आहे का रे? वर या जरा." हातातलं झाकण पडलं. वळून बघते तर हे महाशय.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की तो सासूबाईंचाच आवाज. शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या, तेव्हा तसं बोलावत असत. मग लगेच भाजीचा विषय काढला. एक लक्षात आलं आहे, वहिनी माझ्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. लोणचं दिलं तेही उंबऱ्यावरून हात लांब करून.

मला या आवाजाची भीती नाही वाटली. वाईट वाटलं. पोपट तेच शिकतो जे खूप वेळा ऐकतो.

२७ जुलै, शनिवार

आज सुभेदाराला डॉक्टरकडे नेलं. सुशांत म्हणून तरुण पशुवैद्य आहेत, पक्ष्यांचं चांगलं कळतं असं इस्पितळात कोणीतरी सांगितलं. त्यांनी पंख उलगडून, फुंकर मारून सगळं तपासलं. गोचीड नाही, बुरशी नाही, रक्त ठीक. दुखणं मनाचं आहे म्हणाले. हे पक्षी एका माणसाला जीव लावतात, आणि ते माणूस गेलं की पिसांवर राग काढतात.

औषधनिर्मातीला औषध न देता परत पाठवलं! उपाय मात्र वहीभर दिले. नुसते सूर्यफुलाचे दाणे बंद, गाजर, पालक, डाळिंब सुरू. रोज अंगावर पाण्याचा फवारा. बारा तास झोप. फाडायला वर्तमानपत्र, मक्याची सालं, कडुलिंबाच्या काड्या. आणि तो उपटत असताना ओरडायचं नाही, धावायचं नाही, नाहीतर उपटलं की माणूस येतं हे तो शिकतो. डोक्यावरची पिसं शाबूत का, हेही विचारलं. चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, एवढंच कारण. एरवी तीही गेली असती.

११ ऑगस्ट, रविवार

आज सुभेदार माझ्या हातावर आला!

तीन आठवडे मी त्याच्या पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसते आहे. त्याच्याकडे बघायचंही नाही, आपलं वर्तमानपत्र वाचायचं. पहिल्या आठवड्यात त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. दुसऱ्या आठवड्यात माझं डाळिंब चोरलं. आज दार उघडं ठेवलं तर गजांवरून उतरत, पंजा पुढे करत, मनगटावर येऊन उभा राहिला. गरम पंजे, आणि किती हलका! मी श्वास रोखून बसले. मग खांद्यावर चढला आणि माझ्या केसांतून चोच फिरवायला लागला, एकेक बट सोडवत. माझ्या केसांवरून असा हात कोणी फिरवला त्याला किती वर्षं झाली, ते आठवलं आणि डोळे भरून आले. सदतीस वर्षांची बाई पोपटाच्या लाडाने रडते. हे आईला सांगायची सोय नाही.

छातीवर बारीक खुंट दिसत आहेत. नवी पिसं. अवंतिका फोनवर त्याच्याशी बोलते, शिट्टी वाजवते, तो मान वाकडी करून ऐकतो. तिला तो आता मामापेक्षा जास्त आवडतो.

१ सप्टेंबर, रविवार

काल इस्पितळातल्या मंडळींबरोबर बरगीला गेले होते. धरण, नाव, तळलेले मासे. संध्याकाळी परत आले तर पिंजऱ्याच्या तळाशी रक्त आणि खुंट. सगळे नवे खुंट मुळापासून उपटलेले. मी खाली बसून ते हातात गोळा केले आणि त्याला वेड्यासारखी विचारत राहिले, काहून केलं रे असं?

डॉक्टर म्हणाले, तुमची सवय लागली आहे, तुम्ही गेलात की घाबरतो. जुना मोबाइल खोलीत लावून ठेवा, बघू तो काय करतो ते.

५ सप्टेंबर, गुरुवार

चित्रण पाहिलं. मी गेल्यावर तो बराच वेळ रिकाम्या पलंगाकडे बघतो. मग बोलावतो, कोणी आहे का रे, वर या जरा. मान वळवून जिन्याकडे कान देतो. कोणी येत नाही. मग एक पीस उपटतो. पुन्हा बोलावतो, थांबतो, पुन्हा एक उपटतो. दुपारभर हेच चाललं होतं.

खाली भय्यासाहेब आणि वहिनी दोघंही घरात होते. त्यांना हे सगळं ऐकू येत असणार.

१५ सप्टेंबर, रविवार

सुभेदाराच्या डोक्यावर टक्कल पडलं आहे. रुपयाएवढं, टाळूवर. डॉक्टरांनी एकदा पोपटाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि फार सभ्यपणे विचारलं की घरात आणखी कोण असतं. ती पिसं पोपटाने उपटलेली असूच शकत नाहीत, कोणीतरी हाताने ओढली आहेत.

माझा पारा चढला. मी त्याला माझ्या ताटातलं भरवते, आणि हे मला विचारतात! मग वाटलं, वहिनी. किल्ली त्यांच्याकडेही आहे. मी तडक खाली जाऊन विचारलं. वहिनी रागावल्या नाहीत, याचंच नवल वाटलं. नर्मदामैयाची शपथ घेऊन म्हणाल्या की वर्ष झालं, त्या खोलीत त्या गेलेल्या नाहीत.

१९ सप्टेंबर, गुरुवार

दुपारची पाळी नव्हती. जेवून पलंगावर पडले. उठले तेव्हा नखांत काहीतरी टोचत होतं. बारीक राखाडी लव. दहाही नखांत.

साबणाने तीनदा हात धुतले. मग चित्रण लावलं. टक्कल दिसल्यापासून मोबाइल मी घरात असतानाही चालू ठेवते.

मी झोपेतच उठते. डोळे मिटलेले. पिंजऱ्याचं दार उघडते. सुभेदार डोकं खाली घालतो, खाजवून घ्यायला घालतो तसं. आणि मी एकेक पीस चिमटीत धरून काढते. तो हलत नाही. मग मी खुर्चीत बसते, हात मांडीवर, ताठ. तासभर तशीच. मी अशी कधीच बसत नाही. माझे पाय कायम हलत असतात.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सुभेदाराला डॉक्टरांकडे ठेवून आले होते. त्याच्या भल्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आज त्यांनी परत न्यायला सांगितलं. पाच दिवसांत त्याने दाणा शिवला नाही. हाताला नुसती हाडं लागतात. घरी आणल्यावर माझ्या गळ्याशी डोकं घुसवून पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दिवाळी बघायचा नाही.

अवंतिकाला काय सांगू? रोज विचारते, सुभेदाराला पिसं आली का.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज सर्वपित्री. वहिनींनी गच्चीवर पान ठेवलं, सगळा स्वयंपाक, खीर, वडे. शेजारच्या गच्चीवर कावळ्यांची जत्रा भरली होती. आमच्या पानाकडे एकही आला नाही. मी सहज म्हटलं की सासूबाई रुसल्या वाटतं. वहिनी मटकन जिन्यावर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं.

दहाव्याला ग्वारीघाटावर पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या पिंपळावर बसून बघत होते, पण शिवेनात. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन गेलेल्या माणसाला वचन द्यायला सुरुवात केली. भय्यासाहेब म्हणाले, देवांची पूजा चुकणार नाही. नातू वेदांग म्हणाला, आजी, तुझी नर्मदेची परिक्रमा मी करीन. कोणी घराचं म्हणालं, कोणी दागिन्यांचं. कावळा हलेना. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. आईंचा लाडका म्हणून सुभेदाराचा पिंजरा घाटावर आणला होता. भय्यासाहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, म्हणाले की बारा वर्षं आईने याला हाताने भरवलं, यापेक्षा जवळचं पाखरू कोणतं? आणि पिंड उचलून पिंजऱ्यात घातला. गुरुजी नको नको म्हणत राहिले. सुभेदाराने सगळा खाल्ला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, किती छान म्हणाले. पिसं उपटायला त्याने त्याच दिवशी सुरुवात केली.

मग वहिनी म्हणाल्या की आईंना काय हवं होतं ते त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं आई वरून बोलावत होत्या. कोणीतरी येऊन जवळ बसावं, इतकंच. नातवंडं जिना चढत नसत. वहिनी औषध देत, अंग पुसत आणि लगेच उतरत. आई एकट्या बसून डोक्याचे केस उपटत. शेवटी डोक्यावर एकही राहिला नव्हता, लोकांना सांगितलं की आजारात कापले. घाटावर ते वचन वहिनींच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही. "दोन साल मी करून राहिले होते दीदी, अब और नहीं," असं म्हणून त्या रडायला लागल्या.

३ ऑक्टोबर, गुरुवार

माझा यावर विश्वास नाही. पण अर्धी औषधं विश्वासावरच चालतात, हे फार्मासिस्टला कोणी सांगायला नको. आणि माझ्या चित्रणात मीच आहे, त्याला काय करू?

भात केला. तीळ, दही घालून लहानसा पिंड केला. घरात पिंड करत नाहीत म्हणून आईने मला झोडपलं असतं. सुभेदारासमोर ठेवला आणि बसले. आधी तुळशीला पाणी घालायचं वचन दिलं, मग पूजेचं. तो बघत राहिला. पिंपळावरचे कावळे असेच बघत असतील. मग मी म्हटलं, "मी बसते तुमच्यापाशी. उठून जाणार नाही."

अख्खा पिंड खाल्ला. एक शीत ठेवलं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

चमत्कार! आठवडाभरात एकही पीस उपटलं नाही. छातीवर राखाडी मखमल, डोक्यावरचं टक्कल भरत आलं. मीही झोपेत उठत नाही. आईंच्या आवाजात बोलावणंही बंद. आता तो माझ्या आवाजात बोलायला शिकला आहे, "अगं बाई" तर इतकं हुबेहूब म्हणतो की अवंतिका फोनवर फसली.

वहिनींनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि डोळ्यांत पाणी. मला अवघडल्यासारखं झालं. परवा ते दोघं वेदांगकडे भोपाळला जाणार आहेत, थेट दिवाळीनंतर येतील. तीन वर्षांत घर सोडून कुठे गेले नव्हते म्हणे.

अवंतिका सव्वीस तारखेला येणार. अनुपम, माझा धाकटा भाऊ, तिला गाडीने सोडून पुढे कटनीला कामाला जाईल.

१४ ऑक्टोबर, सोमवार

अवंतिकासाठी परकर-पोलकं आणि पैंजण घ्यायला निघाले होते, सराफ्यात. ऑटो कमानिया गेटपाशी पोचली तेव्हा डोक्यात कळा सुरू झाल्या, केसांच्या मुळाशी. तिथेच माघारी फिरले. घरासमोर उतरताना ऑटोवाल्या भैयांनी विचारलं, मॅडम, हे तुमचं आहे का? सीटवर केस होते, मूठभर. मुळांसकट.

मी कधी उपटले ते मला आठवत नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आजारपणाची रजा टाकली. फाटकाबाहेर पाय टाकला की हात वर जातो. मी बघत असते आणि तो जातो.

डॉक्टर सुशांत सुभेदाराला बघून गेले. फार खूश झाले, फोटो काढले. माझ्या डोक्याला बांधलेल्या ओढणीकडे दोनदा पाहिलं.

२० ऑक्टोबर, रविवार

जिना उतरता येत नाही. तिसऱ्या पायरीवर गुडघे थांबतात. लकवा नाही, मी तपासलं, सुई टोचली तर कळते. पलंगावर परत आले की सगळं ठीक.

मी म्हटलं होतं, उठून जाणार नाही.

ते वचन मी मोडते, असं सुभेदाराला सांगितलं. हात जोडले. मला मुलगी आहे, तिच्यापाशी मी बसले नाही कधी, आता तरी बसू दे, असं सांगितलं. तो माझे उरलेले केस चोचीने विंचरत राहिला. अजून माया करतो. हेच जास्त भयंकर आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आईला फोन केला. अवंतिकाला पाठवू नको म्हणून सांगायचं होतं. घसा बसला आहे, शब्द खरखरत बाहेर आले, नको पाठवू, नको. आणि मागून माझाच आवाज, स्वच्छ, हसरा. "पाठव गं आई. मी वाट बघते आहे." आई हसली. एकदा काय ते ठरव म्हणाली. मी ओरडले ते तिला ऐकूच गेलं नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

अनुपमला लिहून कळवलं. येऊ नका, काही झालं तरी येऊ नका. त्याचं उत्तर आलं, "ताई, आत्ताच तर बोललीस, ये म्हणालीस. तब्येत बरी आहे ना?"

त्याचा फोन आला तेव्हा मी मोरीत असणार. भिंत धरून जायला यायला अर्धा तास लागतो. फोन पलंगावर होता. काचेवर चोचीच्या खुणा.

पुन्हा लिहायला फोन घेतला तर सुभेदाराने माझ्या हातातच काच फोडली. शांतपणे. अक्रोड फोडतो तशी.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आवाज गेला. पूर्ण.

तो दिवसभर एकच वाक्य घोकतो आहे, माझ्या आवाजात. बसशील ना माझ्यापाशी? उठून जाणार नाहीस ना?

आधी वाटलं मला विचारतो आहे. मला कशाला विचारेल, मी तर बसलेच आहे.

त्याला होकार हवा आहे. नुसता एक हो. माझ्याकडून घेतला तसा. म्हातारीला एकजण पुरत नाही— दोन वर्षं बोलावत होती— नातवंडं वर येत नसत—

आणि माझी पोर. साडेतीन महिने दिवस मोजणारी. तिला तिच्या आईने विचारलं, बसशील ना, तर ती काय

२६ ऑक्टोबर, शनिवार

अनुपमचा हॉर्न. दोनदा.

हाक मारली. नुसती हवा. खिडकीपर्यंत जाता येत नाही. स्टीलचा तांब्या खाली टाकला, घरंगळला, कोणी ऐकलं नाही.

तो खिडकीत. पूर्ण पिसांचा, काय देखणा दिसतो. माझ्या आवाजात म्हणतो, ये गं राणी, वर ये, दार उघडंच आहे. अनुपम खालूनच ओरडला की उशीर होतोय, निघतो. सुभेदार म्हणाला, हो हो, नीघ तू.

गाडी गेली.

मोठ्या अक्षरात लिहिते. तिच्यासमोर धरीन. तिला वाचता येतं—

अवंतिका, सुभेदार बोलतो, मी नाही. हो म्हणू नकोस. काहीही विचारलं तरी हो म्हणू नकोस. परत खाली जा. रस्त्यावर जा. पळ.

जिन्यावर पाय वाजतात. धावत.

आली. उंच झाली आहे. माझं डोकं बघून थांबली— नाही, घाबरली नाही, रडत माझ्याकडे— वही धरली आहे वर— वाच— बाळा, वाच आधी—

वाचत नाही. गळ्यात पडली. मानेवर तिचा श्वास. तिच्या पाठीमागे हात नेऊन लिहिते आहे

तो विचारतो आहे. माझ्या आवाजात, इतक्या मायेने, मी कधी असं तिला

तोंडावर हात ठेवते तिच्या— हात माझ्या डोक्याकडेच— नको अवंतिका— मान हलवते आहे, नको, नको—

ती हसली. डोळे पुसले. म्हणाली, ह